शिक्षकांना बदल नको असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावरील माझा लेख वाचून आपण लिहिले आहे की, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मुळात बदलच नको असतो, धोरण कोणतेही आले तरी ते सबबी सांगतात आणि मी त्या सबबींची वकिली करतो. आपल्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे केवळ परीक्षेवर न थांबता वर्षभर मुलाची प्रगती पाहण्याची पद्धत, सुरू झाले; त्यानंतर प्रत्येक मुलाविषयी शब्दांत लिहायच्या वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तिकांवरून उतरवून काढणारे शिक्षक होते. वेंगुर्ले तालुक्यात असताना एका वर्षी मीही त्या तशाच उतरवल्या आणि त्याची खंत मला आजही आहे.

मात्र तसे का झाले, तेही पाहावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. कोकणात डोंगरउतारावर आणि खाडीपलीकडे विखुरलेल्या वाड्यांमधील शाळांचा पट मुळातच लहान, त्यामुळे दोन शिक्षकांनी पहिली ते चौथी सांभाळायची आणि त्यांतला एक प्रशिक्षणाला किंवा माहिती भरायला गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे, हे इथे नेहमीचेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सुचवले आहे आणि ते मला हवेच आहे. पण अशाच एका प्रशिक्षणात मी बहुवर्ग अध्यापनाविषयी, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवण्याविषयी, विचारले, तेव्हा तो विषय आजच्या सत्रात नाही, एवढेच उत्तर मिळाले.

याउलट, पायाभूत स्तरासाठीच्या, म्हणजे बालवाडी ते दुसरीसाठीच्या, २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घरच्या भाषेला दिलेले स्थान आमच्यापैकी अनेकांनी मनापासून स्वीकारले. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिची आई मासे विकते. पाचाचा पाढा म्हणताना ती पंधराच्या पुढे अडखळायची. माशांच्या एका वाट्यात पाच बांगडे, तर चार वाट्यांत किती, असे मी मालवणीत विचारताच तिने क्षणात वीस सांगितले आणि पुढचा पाढा वाट्यांची चित्रे काढत फळ्यावर स्वतःच लिहिला. मुलाच्या तोंडचे ‘माका’ खोडून ‘मला’ करायला लावण्यात माझी कित्येक वर्षे गेली होती. ती सवय मोडायला मला कोणाच्या आदेशाची गरज पडली नाही.

समग्र प्रगतिपत्रकाचेही, म्हणजे गुणांपलीकडे मुलाची सर्वांगीण प्रगती नोंदवणाऱ्या नव्या पत्रकाचेही, पूर्वीसारखेच होणार, असे आपण म्हणता. ही भीती मलाही आहे. म्हणून यंदा मी दर शनिवारी तीन-चार मुलांविषयी, त्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहिले तेवढेच, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवतो. एकोणीस मुलांची फेरी पूर्ण व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. भरलेली पत्रके त्याहून लवकर मागितली गेली, तर अनेकांचा हात पुन्हा त्या पुस्तिकेकडे जाईल, हे मी आपल्याला आधीच सांगून ठेवतो.