गावचं नाव, मुंबईचं नाव

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चाकरमान्यांमध्ये मेसेज फिरतोय: मतदार कार्ड हातात असलं की मुंबईत आणि गावी, दोन्हीकडे मतदान चालतं, परदेशात तर कुठेही कार्डाशिवाय दारातही उभं करत नाहीत.

दोन्ही चुकीचं. कार्ड म्हणजे फक्त ओळख, मत पडतं ते मतदार यादीतल्या नावावर. नाव असेल तर पासपोर्टही चालतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ एकाच मतदारसंघात नाव ठेवू देतं. मुक्काम हलवला की फॉर्म ८ भरायचा. गावच्या नावाचा मोह कळतो, पण खोटी माहिती देऊन नाव लावलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

परदेशाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्राची सक्ती २०२३ ची. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं, पण केंद्रावर ओळखपत्र मागत नाहीत. जर्मनीत रहिवासी नोंदीवरूनच यादी बनते.