अण्णांच्या कागदावरून झालेलं भांडण

बुधवारी संध्याकाळी अण्णा कट्ट्यावर आले आणि नेहमीच्या जागी न बसता पक्याच्या मेडिकलच्या पायरीवरच टेकले. आदल्या दिवशी मुंबईत त्यांची कोलोनोस्कोपी होती. हिमोग्लोबिन ८.६ वर अडकलं होतं, रक्त कुठे जातंय ते कळत नव्हतं, म्हणून मोठं आतडं दुर्बिणीतून बघायचं ठरलं होतं.

"अर्ध्यातून काढली दुर्बीण," अण्णा म्हणाले. "आत साफ नाही, काही दिसत नाही म्हणाले. पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय."

"पोट साफ करायची पावडर घेतली नव्हतीत?" मास्तरांनी विचारलं.

"घेतली होती."

"पूर्ण?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. मास्तर सरसावले. "हेच! सूचना लिहून दिलेल्या असतात, त्या पाळायच्या नाहीत. त्या डॉक्टरांचा वेळ गेला, तुमचे पैसे गेले, आणि त्या दिवशीचा एक नंबर दुसऱ्या कुणालातरी मिळाला असता, तोही गेला."

शेवटचा मुद्दा खरा होता, म्हणून कुणी लगेच बोललं नाही. पण अण्णांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, "कागद बघू आधी."

अण्णांनी शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. इंग्रजी, झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला, खालची ओळ अर्धी उडालेली. दोन दिवस 'लो रेसिड्यू डाएट'. आदल्या दिवशी 'क्लिअर लिक्विड्स'. पावडरीचं नाव आणि दोन वेळा. शेवटी 'एनबीएम'. संपलं.

"मास्तर, लो रेसिड्यू म्हणजे काय हो?"

"हलकं जेवण," मास्तर म्हणाले.

"मीही तेच समजलो," अण्णा म्हणाले. "हिला सांगितलं, दोन दिवस हलकं कर. तिनं साबुदाण्याची खिचडी केली, दुसऱ्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. उपासाचं म्हणजे हलकंच की."

तेवढ्यात बापू आणि सिस्टर फिरून परत येत होते. बापू आमच्या कट्ट्याचे जुने, आणि त्यांच्या पत्नीला सगळं बदलापूर सिस्टरच म्हणतं. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. कागद त्यांच्याकडे गेला. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "अण्णा, साबुदाणा नाही नडला. साबुदाण्यात काही उरत नाही. कूट नडलं, आमटी नडली. दाण्याचे बारीक तुकडे आतड्यात चिकटून बसतात, दुर्बिणीच्या नळीतून ओढायला गेलं की नळी तुंबते. रेसिड्यू म्हणजे चोथा. ज्याचा चोथा उरतो ते खायचं नाही."

चोथा! मी कागद परत हातात घेतला. हा शब्द आपल्या प्रत्येक घरात आहे. उसाचा चोथा, खोबऱ्याचं दूध काढल्यावर राहतो तो चोथा. 'बिनचोथ्याचं जेवण' एवढं लिहिलं असतं तर वहिनींनी शेंगदाण्याचा डबा उघडलाच नसता. मऊ पांढरा भात, दहीभात, वरणाचं वरचं पाणी, साल काढलेला बटाटा, अंडं, उकडलेला मासा असं काय काय त्यांनी आपण होऊन सुचवलं असतं. पालेभाजी, काकडी, टोमॅटोच्या बिया, पेरू, तिळाची नाहीतर जवसाची चटणी बंद, हेही सांगावं लागलं नसतं. एका शब्दावर आमच्या अण्णांची तपासणी गेली, असं मी तिथे मोठ्यानं म्हणालो आणि आजही माझं तेच मत आहे.

मास्तरांना ते पटलं नाही. "एका शब्दावर कशी? पावडर पूर्ण घेतली नाही हे त्यांच्या गप्प बसण्यातच आलं. समजलं नाही तर फोन करायचा. कागदावर नंबर आहे."

"नंबर लागत नाही," पक्या आतून म्हणाला. गिऱ्हाईक गेलं होतं, तो काउंटरवर कोपरं टेकून ऐकत होता. "मास्तर, ही पावडर मी महिन्याला बरीच विकतो. अर्धे लोक पाकीट घेऊन परत येतात आणि मला विचारतात, पाणी किती? आमच्याकडे येतं ते मोठं पाकीट दोन लिटर पाण्यात मिसळायचं असतं. मागे एकानं सगळं पाकीट एका तांब्यात कालवलं. एका आजींना सुनेनं दुधातून दिलं, चव लागू नये म्हणून. दोन लिटर का, हे कुणी सांगतच नाही ना."

"का?" अण्णांनी विचारलं. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मला खरंच कळू दे. माझा समज, ते जुलाबाचं औषध. एरंडेलासारखं. थोडं घेतलं तरी काम करणारच."

सिस्टर पायरीवर अण्णांच्या शेजारी बसल्या. "ही पावडर आतड्यात शोषलीच जात नाही. ती पाणी धरून ठेवते आणि तेच पाणी वरून खालपर्यंत धूत जातं. अंगण धुताना कसं, पाणी कमी पडलं की घाण नुसती पसरते. मीठ-क्षार त्यात मोजून घातलेले असतात, म्हणजे तुमच्या अंगातले क्षार निघून जाऊ नयेत. दुधात कालवलं की तो हिशोब बिघडतो, आणि दूध मागे काहीतरी ठेवूनच जातं. लिंबू पिळा, गार करा, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास घ्या. पण पाणी तेवढंच."

"आणि दोन वेळा का?"

"रात्री एक लिटर घेतलं की आतडं धुऊन निघतं. पण लहान आतडं रात्रभर गप्प बसत नाही. त्यातून पित्त आणि पातळ रस झिरपत मोठ्या आतड्यात येतो आणि उजव्या बाजूला थर धरतो. तो धुवायला पहाटेचं लिटर. रिपोर्ट आणलाय?"

रिपोर्ट अण्णांकडे होता. सिस्टरांनी चष्मा लावून एका ओळीवर बोट ठेवलं. आतडं किती साफ होतं याला गुण देतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मोठ्या आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ९. प्रत्येक भागात निदान २ हवेत. अण्णांना डाव्या बाजूला २, मधे १ आणि उजव्या बाजूला ०.

मास्तर गुणपत्रिका बघावी तसे वाकून बघत होते. "उजव्या बाजूला शून्य. म्हणजे पहाटेचा डोस."

"नाही घेतला मी पहाटेचा," अण्णा म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. नऊचा नंबर. बदलापूरहून सव्वापाचच्या सुमाराची गाडी धरायची. पहाटे साडेतीनला लिटरभर पाणी प्यायचं आणि पुढे दीड तास लोकलमध्ये बसायचं, जिथे संडास नसतो. रात्रीच्या डोसला ते बारा वेळा उठले होते. घरात माणसं पाच आणि संडास एक, नातवाची परीक्षा, त्याला झोपेतून उठून दाराबाहेर थांबावं लागलं होतं. "रात्री दोनला बसून विचार केला. अंबरनाथला उतरायचं? कल्याणला? गर्दीत दारापर्यंत पोचता येईल का? एकसष्ट वर्षांचा माणूस मी, गाडीत काही झालं असतं तर? आणि कागदावर शेवटी एनबीएम. मुलगा म्हणाला, म्हणजे तोंडातून काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मग म्हटलं बरंच झालं, निरंकारच जायचंय तर पहाटेचं पाणीही नको."

कुणी काही बोललं नाही. खाली लोकलमधून उतरलेली गर्दी रिक्षाच्या रांगेकडे निघाली होती.

माझ्या दृष्टीनं सगळ्या भांडणाचा गाभा इथे होता. ज्यानं नऊचा नंबर दिला त्यानं 'तुम्ही कुठून येता?' एवढं विचारलं नाही. बदलापूर मुंबईपासून अडुसष्ट किलोमीटर. 'पहाटेचं पाणी प्या' आणि 'तोंडातून काही घेऊ नका' या एकाच कागदावरच्या दोन ओळी एकमेकींना छेदतात, तेही कुणी बघितलं नाही. आणि संडासाबद्दल बोलायला आपल्याला लाज वाटते. अण्णांनी ती लाज एकट्यानं, रात्री दोन वाजता, सगळ्या घराला झोपलेलं ठेवून सोसली. बायकांना तर याहून अवघड जात असणार.

मास्तर जरा नरमले, पण सोडायला तयार नव्हते. "डॉक्टरांपुढे रांग असते. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. त्यात तो काय काय विचारणार?"

"म्हणून तर कागद नीट हवा," मी म्हटलं. "दोन मिनिटांत जे मावत नाही तेच कागदावर यायला पाहिजे."

सिस्टर बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. "मास्तर, हे कागद मी कितीतरी वाटलेत. वाचून दाखवायचे, कळलं का विचारायचं, पेशंट हो म्हणायचा. सगळेच हो म्हणतात. शेवटची पाचेक वर्षं मी उलटं विचारायला लागले, आता तुम्ही मला सांगा, सोमवारी दुपारी काय जेवणार? तेव्हा कळायचं. कुणी ताक म्हणायचं, कुणी सोलकढी. पातळ आहे ना, मग चालेल. क्लिअर म्हणजे पारदर्शक. ग्लासमागे पेपर धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. शहाळं, लिंबूपाणी, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत पारदर्शक आहे पण लाल, ते आत रक्तासारखं दिसतं, म्हणून नको."

अण्णा म्हणाले, "मी दोन ग्लास कोकम प्यायलो." हे ऐकून बापूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि लोहाच्या गोळ्या?" सिस्टरांनी विचारलं. "कधी बंद केल्या?"

बंद केल्याच नव्हत्या. रक्त कमी म्हणून त्या चालू, आणि रक्त का कमी हे बघायला ही तपासणी. लोहानं मळ काळा आणि चिकट होतो, धुतला तरी निघत नाही. पाच-सात दिवस आधी थांबवायला सांगतात. कागदावर लोहाचा उल्लेख नव्हता.

गोळ्यांचा विषय निघाल्यावर मला माझ्या मोठ्या भावाचं सांगावंच लागलं. तीन वर्षांपूर्वी त्याची हीच तपासणी होती. त्याला मधुमेह. दिवसभर नुसतं पाणी आणि चहा, पण संध्याकाळची साखरेची गोळी त्यानं नेहमीसारखी घेतली, कारण घेऊ नको असं कुणी म्हणालं नव्हतं. रात्री अकराला वहिनीचा फोन, घामानं भिजलाय, काहीतरी असंबद्ध बोलतोय. मी पोचलो तेव्हा त्याचे हात थरथरत होते. साखर मोजली तर ४८. साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं, वीस मिनिटांनी त्यानं मला ओळखलं. ती वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. म्हणून या कागदाबद्दल मी चिडतो. उपाशी राहायला सांगताना 'साखरेची गोळी घेता का, रक्त पातळ करायची घेता का' हे विचारलंच पाहिजे. पक्यानं त्यात भर घातली, की साखरेच्या काही नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात. आणि स्टेंट बसवलेल्या माणसानं रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद केली तर तो धोका आणखी मोठा. उलट बीपीची गोळी बहुतेकांना पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. ती उपासाच्या नावाखाली चुकते, टेबलावर बीपी चढलेलं निघतं आणि तपासणी पुढे ढकलली जाते. हे सगळं ज्याचं त्याच्या डॉक्टरांनाच विचारायचं, पण विचारायचं असतं हे तरी कळायला हवं.

"बरं," मास्तर म्हणाले, "मग लिहू या मराठीत. पक्या, कोरा कागद दे."

मास्तरांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे. सिस्टर सांगत होत्या, ते लिहीत होते. तिथेही भांडण झालंच. मास्तरांना 'शौचास पिवळसर, पारदर्शक होईपर्यंत' असं लिहायचं होतं. सिस्टर म्हणाल्या, 'लघवीसारखं, तळ दिसेल इतकं स्वच्छ' असंच लिहा, कारण घट्ट मळ संपला की लोक साफ झालं समजून उरलेली पावडर ओतून देतात. मी लोहाची ओळ सगळ्यात वर घ्यायला लावली आणि अण्णांना म्हटलं, आज रात्रीच डॉक्टरांना विचारा, गुरुवारला आठच दिवस आहेत. 'एनबीएम' च्या जागी घड्याळाची वेळ आली: तपासणीआधी दोन तास पाणीसुद्धा बंद, त्याआधी नाही. नंबर दुपारचा मागायचा, म्हणजे पावडर सकाळी घरीच घेऊन होते आणि बहुतेकांचा जोर तास-दोन तासांत ओसरतो, मग गाडी पकडता येते. सकाळचाच मिळाला तर आदल्या रात्री परळला बापूंच्या भाच्याकडे. बापूंनी तिथल्या तिथे फोन लावला. "संडास घरात आहे ना रे?" त्यांनी भर रस्त्यात विचारलं, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सोबतीला मी जाणार, कारण गुंगीच्या इंजेक्शननंतर एकट्याला सोडत नाहीत.

मास्तर एक मुद्दा मात्र शेवटपर्यंत धरून होते, अण्णांनी पहाटेचा डोस घेतला नाही हे दुर्बीण घालण्याआधी तिथे सांगायला हवं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णाही म्हणाले, "ते चुकलं माझं."

कागद पूर्ण झाल्यावर अण्णांनी वहिनींना फोन लावला आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. पलीकडून वहिनी प्रत्येक ओळीला "बरं" म्हणत होत्या. 'आदल्या दिवशी भाताची पेज' इथे त्या थांबल्या.

"पेज गाळून द्यायची की न गाळता?"

अण्णांनी सिस्टरांकडे बघितलं. "गाळून," सिस्टर म्हणाल्या. "नुसतं वरचं पाणी. शीत एक नको."

मास्तरांनी पेनाचं टोपण परत काढलं आणि 'पेज' च्या आधी 'गाळलेली' असा शब्द वर घातला.