‘मारकुटाच होता’ म्हणून डेरेक बुगार्डचा विषय संपत नाही

आईस हॉकीतल्या मारामारीचा विषय निघाला की डेरेक बुगार्डबद्दल एक ठरलेलं मत हमखास पुढे येतं: ‘माणूस मुळातच मारकुटा, ठोसे मारून कोट्यवधी कमावले, गोळ्या-दारूच्या नादी लागून 28व्या वर्षी गेला. यात खेळाचा काय दोष?’ फार शेअर होणारं हे मत, आणि त्याला जोडून येणारी विधानं, तुकड्यातुकड्याने तपासली की टिकत नाहीत.

आधी संदर्भ. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक आईस हॉकी लीगमध्ये मारामारी केली की पाच मिनिटं बाहेर बसायचं आणि मग पुन्हा बर्फावर यायचं. त्यामुळे संघातल्या कुशल खेळाडूंच्या अंगावर कुणी येऊ नये म्हणून एक दांडगा गडी ठेवला जायचा, तो एन्फोर्सर. बुगार्ड त्यातला सर्वांत धास्ती वाटणारा.

‘मुळातच मारकुटा.’ 1982 साली कॅनडातल्या सॅस्काटूनला जन्मलेला हा पोलिसाचा मुलगा वयाच्या मानाने फारच मोठा होता आणि त्याचं स्केटिंग बेताचं होतं. पोरवयात मेलफर्टच्या एका सामन्यात तो संतापून थेट प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर धावून गेला. रेजायना पॅट्स या ज्युनियर संघाचे स्काउट तेव्हा तिथे होते. त्यांनी नाक मुरडलं नाही, उलट त्याला आपल्या यादीत घेतलं. एका पोराचा राग हीच त्याची पात्रता ठरली, आणि ती ठरवणारी माणसं मोठी होती. 2001 मध्ये एनएचएलमधल्या मिनेसोटा वाइल्ड संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला 202व्या क्रमांकावर घेतलं. एनएचएलमधले 277 सामने, 3 गोल आणि 589 मिनिटांची शिक्षा, हा त्याचा हिशेब. त्याला घेणाऱ्यांना गोल नकोच होते.

‘कोट्यवधी कमावले.’ मोठा करार झाला तो जुलै 2010 मध्ये, न्यूयॉर्क रेंजर्सशी: चार वर्षांचे 65 लाख डॉलर. त्यातले तो 22 सामने खेळला. 9 डिसेंबर 2010 रोजी ओटावाच्या मॅट कार्कनरशी झालेल्या मारामारीत त्याच्या मेंदूला आणि खांद्याला मार बसला. त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही.

‘दोघे राजीखुशीने भिडतात, फारसं लागत नाही.’ हे म्हणणाऱ्याने एका मारामारीचं चित्रण वेग कमी करून बघावं. दोघेही हातमोजे टाकतात. एका हाताने समोरच्याची जर्सी खांद्याशी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने उघड्या मुठीचे ठोसे हाणायचे. समोरच्याने जर्सी डोक्यावरून ओढली तर हात अडकतात आणि तोंडासमोर अंधार, म्हणून जर्सीला आतून मागच्या बाजूला पट्टा असतो आणि तो पँटला अडकवावा लागतो. मूठ बऱ्याचदा हेल्मेटवर आपटते, बोटांची हाडं मोडतात, जुन्या जखमा भरायच्या आत पुन्हा फाटतात. शिवाय पायाखाली बर्फ असल्याने पडताना डोकं आपटण्याची भीती वेगळीच. ऑक्टोबर 2006 मध्ये बुगार्डच्या एका ठोशाने टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड असं फुटलं की धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढे हे दोघे मिनेसोटात एकाच संघात होते.

‘गोळ्यांचा नाद त्याचा स्वतःचा.’ सगळ्यात अन्यायाचा तुकडा हा. शस्त्रक्रिया झाल्या, पाठ-खांदा दुखत राहिले आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या त्या संघांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. वडील लेन बुगार्ड यांनी मुलाच्या मृत्यूनंतर कागद गोळा केले, तेव्हा डझनाहून जास्त डॉक्टरांची नावं निघाली. एकाने काय लिहून दिलं याचा दुसऱ्याला पत्ता असल्यासारखं दिसत नाही. पुढे तो बाहेरूनही गोळ्या विकत घेऊ लागला, हे खरंच आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण सुरुवात गल्लीतून झाली नाही. 2009 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये तो लीगच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमात दाखल झाला. 13 मे 2011 रोजी तो मिनियापोलिसच्या फ्लॅटमध्ये मृत सापडला, तेव्हा तो केंद्रातून सुट्टीवर आला होता. कारण: ऑक्सिकोडोन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी आणि दारू एकत्र. दोन्ही मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंद करतात, एकत्र घेतल्यावर तर फारच. त्यात काही आठवडे गोळी सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वी पचलेली मात्राही जीवघेणी ठरते. व्यसनमुक्तीनंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात ते याचमुळे.

‘डोक्याच्या माराचा पुरावा नाही.’ कुटुंबाने त्याचा मेंदू बॉस्टन विद्यापीठाला दिला. पातळ काप रंगवून पाहिल्यावर घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ प्रथिन साचलेलं दिसलं. हीच सीटीईची, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसल्याने होणाऱ्या मेंदूच्या आजाराची खूण. आजार 45व्या वर्षी वारलेल्या बॉब प्रोबर्ट या दुसऱ्या एन्फोर्सरपेक्षा पुढे गेलेला होता, आणि बुगार्ड 28 वर्षांचा होता. याच्या उलट टोकाला जाऊन ‘सीटीईनेच त्याला मारलं’ म्हणणंही चूक आहे. हा आजार कितपत कुणाच्या वागण्यात उतरला, हे एका मेंदूवरून सांगता येत नाही. शिवाय दान होणारे मेंदू बहुधा आधीच त्रास असलेल्यांचे असतात. त्याच उन्हाळ्यात गेलेल्या रिक रायपियन आणि वेड बेलाक या एन्फोर्सरांनाही सरसकट या खात्यात टाकू नये. रायपियन कितीतरी वर्षं नैराश्याशी झगडत होता. पण टॉड ईवेन या आणखी एका एन्फोर्सरचं उदाहरण लक्षात ठेवावं. 2015 मध्ये तो गेल्यावर पहिल्या तपासणीत सीटीई नाही असं जाहीर झालं आणि त्याचा बराच गवगवा झाला. 2018 मध्ये बॉस्टनमध्ये पुन्हा तपासल्यावर सीटीई निघाला.

‘कोर्टाने लीगला निर्दोष ठरवलं.’ नाही. कुटुंबाने 2013 मध्ये लीगविरुद्ध केलेला दावा 2017 मध्ये फेटाळला गेला तो कायद्याच्या तांत्रिक मुद्द्यांवर. लीगने बुगार्डला नीट सांभाळलं की नाही, याचा निवाडा झालाच नाही. या निकालाचा अर्थ लीगची वाहवा असा घेऊ नये, हे न्यायाधीश गॅरी फाइनरमन यांनी निकालपत्रातच लिहून ठेवलं आहे.