लपवायचं काय, माझं तोंड?

डबी ठेवायची आहे हो, डबी! वीतभर प्लास्टिकची, घट्ट झाकणाची, आत एक छोटी वही आणि पेन्सिल. पार्कात बंगला नाही बांधायचा मला.

इथे अमेरिकेत, आमच्या काउंटीच्या पार्कात एक जिओकॅश, म्हणजे इतरांनी जीपीएसवरून शोधून आतल्या वहीत नाव लिहायची डबी, लपवावी एवढीच इच्छा. ऑफिसात गेलो तर हातात फॉर्म. जागा नकाशावर दाखवा, फोटो जोडा, डबा पारदर्शक हवा, त्यावर परमिटचा नंबर हवा, पायवाटेपासून लांब नको, झाडाला खिळा नको, खणायचं तर नावच काढू नका. खिळा आणि खणणं मला मान्य. पारदर्शक डब्याचं कारणही कळतं. २०११ साली इंग्लंडमध्ये वेदरबी गावात कॅफेबाहेर ठेवलेली अशीच एक डबी लष्कराच्या पथकाने बॉम्ब समजून उडवली होती. पण आरपार दिसणारा डबा, वाटेच्या कडेला, वर ठळक नंबर... मग लपवायचं काय, माझं तोंड?

बरं, तेही केलं. परमिट आलं. आता या खेळाच्या साइटवरचा रिव्ह्युअर, म्हणजे नवी कॅश तपासून मंजूर करणारा. तो बिचारा बिनपगारी काम करतो, त्याच्यावर ओरडणं बरं नाही, पण ओरडल्याशिवाय राहवतही नाही. दोन कॅशमध्ये १६१ मीटर अंतर हवं. म्हणजे एका डबीभोवती जवळजवळ २० एकरांत दुसरी डबी नाही! मी नकाशावर मोजून मापून जागा निवडलेली, आसपास काही नाही. तरी उत्तर आलं: 'एका कोड्याच्या कॅशच्या शेवटच्या ठिकाणापासून फार जवळ आहे.' (कोड्याची कॅश म्हणजे कोडं सोडवल्यावरच जिची खरी जागा कळते ती.) कुठे आहे ते ठिकाण? ते सांगता येत नाही, कोडं फुटेल. म्हणजे मी न दिसणाऱ्या वर्तुळाच्या बाहेर उभं राहायचं आणि बाहेर आहे की आत, हे फक्त त्याला माहीत. थोडी सरकवा म्हणे. कुठल्या दिशेला, तेही नाही!

आणि सरकवायची कशी? परमिट त्या एकाच बिंदूचं. चार पावलं हललात की नवा फॉर्म, नवे फोटो, पुन्हा कित्येक आठवडे वाट. तेवढ्यात दुसरा कोणी ती जागा पटकावून मोकळा.

खरा संताप याचा नाहीच. त्याच पार्कात ओढ्याकाठी एक जुनी कॅश आहे. मालक खेळ सोडून कधीचा गायब. डब्यात पाणी, वहीचा लगदा. नियमाने ती केव्हाच बाद व्हायला हवी. पण दर वेळी कोणीतरी 'मदत' म्हणून तिथे नवी फिल्मची डबी टाकून जातो, 'सापडली' अशी नोंद ठोकतो आणि ते मढं पुन्हा जिवंत. परमिट नंबर? कसला नंबर! पण तिचे २० एकर मात्र शाबूत. जो कुणाला विचारत नाही त्याला कोणी विचारत नाही. विचारायला गेलो तो मी मूर्ख.

बाकाखाली बियरचे कॅन, कुत्र्याच्या शीच्या बांधलेल्या पिशव्या झुडपांना लटकवलेल्या, त्यांना कुठला फॉर्म आहे? आहे का त्यांच्यात १६१ मीटर अंतर?

गंमत म्हणजे या खेळाची पहिली कॅश. मे २००० मध्ये जीपीएसचा सिग्नल सामान्य लोकांसाठी अचूक झाला आणि लगेच ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी एक बादली अर्धवट जमिनीत पुरून ठेवली. आत बाकीच्या सामानात बीन्सचा डबाही होता. पुरलेली, वर खाण्याचा पदार्थ! आज तीच बादली मंजुरीला पाठवली असती तर पहिल्या मिनिटाला परत आली असती.

परवा ऑफिसातून ईमेल आला. माझं परमिट एका वर्षापुरतं आहे आणि मुदत मंजुरीच्या तारखेपासून मोजतात, डबी ठेवल्यापासून नाही. डबी अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. बायकोने त्यात जिरं भरलंय.