‘गोल्फ’चा फुलफॉर्म नसतो हो!

भाचीने काल शाळेत परिपाठाला ‘तुम्हाला माहीत आहे का?’ म्हणून जे वाचलं, ते थेट आमच्या फॅमिली ग्रुपवरून उचललेलं. गोल्फ म्हणजे ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’, न्यूज म्हणजे चार दिशा, चेस म्हणजे रथ-घोडा-हत्ती-सैनिक, शिवाय टी, पेन, बाय, स्माइल यांचेही फुलफॉर्म. बाईंनी शाबासकी दिली म्हणे. इतकी वर्षं हा फॉरवर्ड डिलीट करत आलो, आता मात्र राहवत नाही.

आधी गोल्फ, कारण तो नुसता खोटा नाही, वाईटही आहे. शब्द स्कॉटलंडचा. तिथल्या स्कॉट्स भाषेत ‘गाउफ’ म्हणजे हा खेळ, आणि फटका किंवा चापटही. डच ‘कोल्फ’, म्हणजे दांडका, याच्याशी त्याचं नातं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ नेटवर फुकट आहे, उघडून बघा. जुन्या कागदांत स्पेलिंगं हवी तशी, कित्येकदा ‘एल’शिवाय. मग त्यातल्या लेडीज गेल्या कुठे?

1457 मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ दोन्हींवर बंदी घातली. कारण बायका नव्हत्या. पुरुष खेळात रमून तिरंदाजीचा सराव बुडवत होते. म्हणजे बंदी आली ती जेंटलमेनवरच! पुढे 1568 मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या शत्रूंनी आरोप केला, की नवऱ्याचा खून होऊन काही दिवस झाले नाहीत तोच ही गोल्फ खेळली. तक्रार सुतक न पाळल्याची होती, बाई असून खेळल्याची नव्हे. आणि आद्याक्षरं जुळवून शब्द पाडण्याची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली.

आता एक कबूल करायला हवं. क्लबांनी बायकांना बाहेर ठेवलं, हे खरंच. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबने बायकांना सभासदत्व द्यायचं मान्य करायला 2014 उजाडलं, तिथल्याच म्युरफील्डच्या क्लबने 2017. पण ती क्लबवाल्यांची करणी, शब्दाची नव्हे. त्याच सेंट अँड्र्यूजमध्ये 1867 पासून बायकांचा स्वतःचा क्लब होता. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तो खेळ कुठला होता? वर्गातल्या मुलींना ‘नावातच तुम्हाला मनाई आहे’ हे सांगून मिळवलं काय?

बाकीचं भराभर. न्यूज हे ‘न्यू’चं अनेकवचन, दिशांचा संबंध नाही. चेस फारसी ‘शाह’वरून फ्रेंचमार्गे आला. चतुरंगात, म्हणजे आपल्या जुन्या बुद्धिबळात, रथ, घोडा, हत्ती, पायदळ होतं हे अगदी खरं, पण ते आपल्या ‘चतुरंग’ शब्दात आहे, ‘चेस’मध्ये नाही. टी चिनी आहे, आपल्या चहासारखाच, फक्त दुसऱ्या बंदरातून आलेला. पेन म्हणजे लॅटिनमधलं पीस. ‘बाय’ म्हणजे ‘बी विथ यू एव्हरीटाइम’, याबद्दल मात्र फॉरवर्डवाल्याचा दगड चुकून आंब्याला लागलाय: ‘गॉड बी विथ यी’चं आखडून ‘गुडबाय’ झालं, त्यामुळे ‘बी विथ यू’ एवढं बरोबर. पुढचं ‘एव्हरीटाइम’ त्याच्या पदरचं.

राहिला स्माइल: ‘स्वीट मेमरीज इन लिप्स एक्स्प्रेशन’. याचा प्रतिवाद करायला आधी त्याचा अर्थ तरी लागला पाहिजे.