‘दोनदा मशीन दिले, तरी हँग होतेच’ या अभिप्रायास आमचे उत्तर

नमस्कार. संपूर्ण डिस्कची प्रत काढताना आपला संगणक बंद पडत होता. आम्ही आधी केबल बदलून पैसे घेतले, दुसऱ्या वेळी आठ दिवस मशीन अडकवून ठेवले आणि शेवटी ‘विंडोज व्यवस्थित चालत असताना’ रॅम खराब ठरवली, अशी आपली तक्रार आहे. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची जबाबदारी माझी आहे.

डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदींत) सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलमधून माहिती जाताना झालेल्या चुकांचा, आकडा दिसला, म्हणून आम्ही डिस्क जोडणारी साटा केबल बदलली. हा आकडा केबल बदलल्यावरही शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो; तो वाढतो आहे का, हे न पाहताच आम्ही जुन्या नोंदीला आजचा बिघाड समजलो. केबलचे आणि मजुरीचे पैसे आपल्याला परत मिळतील.

रॅमबाबतचा निष्कर्ष मात्र मला मागे घेता येणार नाही. आपल्या रोजच्या कामात ३२ जीबीपैकी सहा-सात जीबीच वापरात येत होती. पण डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचायला घेतली की वाचलेला मजकूर कॅशच्या (तात्पुरत्या साठ्याच्या) रूपाने मोकळी रॅम भरत जातो आणि एरवी क्वचितच हात लागणारा खराब भागही वापरात येतो. आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, डिस्कवर काहीही न लिहिता, तिचा चेकसम (सगळ्या मजकुरावरून काढलेला आकडा; मजकूर तोच असेल तर तोही तोच यायला हवा) दोनदा काढला, तर दोन वेगवेगळी उत्तरे आली. तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर दोन्ही वेळा एकच उत्तर आले. मग दोन्ही रॅम एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने लावून मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी चालवली. एकीत चुका आल्या, दुसरीत रात्रभर एकही नाही. एक टीबीची डिस्क एकदा वाचायलाच सुमारे दोन तास लागतात, त्यामुळे दिवस गेले. तरी मध्ये आपल्याला फोन करून हे कळवायला हवे होते, ते राहून गेले.

आता सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या भेटीत आम्ही दिलेला बॅकअप त्याच खराब रॅममधून गेलेला आहे. त्यातील फायली उघडत असल्या, तरी आतला मजकूर कुठेतरी बदललेला असू शकतो आणि अशी चूक संगणक स्वतःहून दाखवत नाही. कृपया त्या बॅकअपवर विसंबून मूळ डिस्कवरचे काहीही पुसू नका. डिस्क घेऊन या. नवी प्रत आम्ही विनामूल्य काढू आणि दोन्हींचे चेकसम आपल्यासमोर जुळवून दाखवू.