माहिती निरंक, दिवे चालू

एका दाखल्यासाठी मी एका सरकारी कार्यालयात बाकावर बसलो होतो. बाकावरच्या माणसाला दोनच उद्योग असतात. आपला नंबर कधी येतो ते बघणं, आणि भिंती वाचणं. समोरच्या भिंतीवर 'वीज वाचवा' अशी पाटी होती. ती सगळ्यांना नीट वाचता यावी म्हणून बरोबर तिच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट पेटवलेली होती. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि बाहेर पापड वाळतील असं ऊन होतं.

दाखला मिळायला वेळ होता, म्हणून ट्यूब मोजल्या. वीस भरल्या. सगळ्या जुन्या, जाड, चाळीस वॅटच्या. चोक धरला तर एकेक पन्नासच्या घरात जाते. म्हणजे वीस ट्यूबचे हजार वॅट, तासाला एक युनिट. वीजबिल आलं की मी घरच्यांची सभा बोलावणारा माणूस. माझ्या पोटात कालवाकालव झाली.

"साहेब, दिवसाढवळ्या दिवे?" मी टेबलापलीकडच्या गृहस्थांना विचारलं.

त्यांनी वर बघितलं. "चालू आहेत ना? मग?"

त्यांच्या पाठीमागे लोखंडी कपाटांची छतापर्यंत रांग होती. दोन कपाटांच्या फटीतून उन्हाची एक उभी रेघ येत होती. तिकडे खिडकी असावी, असा संशय घ्यायला जागा होती. पण तेव्हा मी तो घेतला नाही. माझं लक्ष ट्यूबवर होतं.

घरी येऊन तणतणलो तेव्हा मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, आरटीआय टाका. त्या इमारतीचं ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजे वीज कुठे किती जाते त्याची तपासणी, झालंय का विचारा. झालं असेल तर अहवाल मागा."

आमच्या मुलाचं हे असं आहे. स्वतः बाथरूमचा दिवा बंद करणार नाही, पण कायदा तोंडपाठ.

तरी मी अभ्यासाला बसलो. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा, १ मार्च २००२ पासून लागू. फ्रिजवर तारे चिकटवायला लावणारा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो त्याच दिवशी जन्माला आला. केंद्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. आपल्या राज्याचा स्वतःचा तर त्याच्याही आधीचा. एक कायदा म्हणतो वीज जपून वापरा, दुसरा म्हणतो वापरली की नाही ते विचारा. असे दोन-दोन कायदे पाठीशी असल्यावर आपल्याला काय कमी, असं मला वाटलं. हे वाटणं पुढे त्रेचाळीस दिवस टिकलं.

पहिली अडचण दीडशे शब्दांची. राज्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. मी दीडशे शब्दांत शेजाऱ्याकडे पंपाची किल्लीसुद्धा मागू शकत नाही. पहिला मसुदा सातशे शब्दांचा झाला. त्यात पापड वाळतील असं ऊन होतं, पाटी होती, राष्ट्रीय संपत्ती होती. आधी 'सविनय' गेलं, मग राष्ट्रीय संपत्ती. पापड मी शेवटपर्यंत धरून ठेवले होते. मुलाने तेही काढले. शिवाय दिवे आणि एसी हा एक विषय की दोन, यावर जेवताना वाद झाला. हिने निकाल दिला, "मीटर एकच आहे ना? मग विषयही एकच." मला वाटतं ही माहिती आयुक्त व्हायला हवी होती.

शेवटी नमुना 'अ' भरला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि आवक-जावकच्या टेबलाशी उभा राहिलो. तिथल्या मॅडमनी अर्ज दोन्ही बाजूंनी बघितला.

"काका, कशाला पाहिजे हो तुम्हाला हे?"

आता कायद्याच्या कलम ६ मध्ये साफ लिहिलंय, की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तसं नाही हो, मी आपलं सहज विचारलं." मग सहज शेजारच्या टेबलाने विचारलं. सहज शिपायाने विचारलं. कुठल्या संघटनेचे, हेही सहज निघालं. मी कुठल्याच संघटनेचा नाही म्हटल्यावर तर सगळे जास्तच सावध झाले. संघटनेचा माणूस समजू शकतो. नुसत्याच विजेची काळजी असलेल्या माणसाचं काय करायचं?

पोच मिळाली. तिच्यावरचा शिक्का इतका फिका होता, की शाईचंसुद्धा संवर्धन चाललं असावं.

आठवड्याने पत्र आलं. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नसून अर्ज कलम ६(३) अन्वये वर्ग करण्यात येत आहे. हे कलम चांगलं आहे. अर्ज चुकीच्या दारात पडला तर पाच दिवसांत बरोबर दारात पोचवायचा, नागरिकाला हेलपाटे नकोत, असा त्याचा हेतू. माझा अर्ज मात्र पंढरीच्या वाटेला लागला. बिल भरणाऱ्या कार्यालयाने तो इमारत सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे धाडला. इमारत सांभाळणाऱ्यांनी विजेची दुरुस्ती बघणाऱ्यांकडे. ही तिन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर आहेत. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला अर्ज रजिस्टर टपालाने गावातून फिरून आला. लिफ्ट चालू होती, हे मी स्वतः पाहिलंय.

त्रेचाळिसाव्या दिवशी उत्तर मिळालं. मी चार मुद्दे विचारले होते. तीन मुद्द्यांपुढे एकच शब्द होता : 'निरंक'.

हा शब्द मला फार आवडतो. 'नाही' म्हटलं की वाद होतो, 'माहीत नाही' म्हटलं की लाज जाते. 'निरंक' म्हटलं की जणू काही संतपदाला पोचल्यासारखं वाटतं. लेखापरीक्षण झालंय का? निरंक. अहवालाची प्रत? निरंक. शिफारशींवर केलेली कार्यवाही? निरंक. चौथा मुद्दा मी भाबडेपणाने लिहिला होता, 'दिवसा दिवे का लावले जातात?' त्यावर उत्तर होतं, की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती ही 'माहिती' या संज्ञेत येत नाही. चिडून शोधायला गेलो, तर ते खरंच निघालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितलंय, की या कायद्याखाली 'का' विचारता येत नाही. जे कागदावर आहे ते मागायचं. एखाद्या गोष्टीचं कारण कुणी कागदावर लिहिलेलंच नसेल, तर ते तुम्हालाही मिळणार नाही. मला वाटतं त्यांनाही माहीत नसावं.

उत्तराला मुदत तीस दिवसांची. कायद्यात उशिराबद्दल दंड आहे, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार. तेरा दिवसांचे तीन हजार दोनशे पन्नास होतात, हा हिशेब मी दोन रात्री करत होतो. मग कळलं की ते पैसे अर्जदाराला मिळत नाहीत. झोप लागायला लागली.

वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. अपिलीय अधिकारी म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यांचेच वरिष्ठ. दोघांच्या केबिनमध्ये एक प्लायवूड. सुनावणीच्या दिवशी आत गेलो आणि दातांवर दात वाजायला लागले. एसीवर आकडा होता १८. नव्या एसीला चालू करताना मुळात २४ अंशांवर ठेवायचं, असा नियम २०२० पासून आहे. हा एसी त्या नियमाच्या आधीचा असावा, किंवा साहेब नियमाच्या पलीकडचे असावेत. ऐन उन्हाळ्यात साहेबांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर होता.

"फार थंड आहे का?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"जरा."

"काय करणार? रिमोट शिपायाकडे असतो. तो रजेवर आहे."

माणूस मात्र भला निघाला. दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे माझी ऐकली. दुसरी बाजू प्लायवूडपलीकडे फोनवर होती. मग आदेश दिला : अर्जदारास अभिलेख समक्ष पाहू द्यावेत. नोंदी पाहणं, टिपणं काढणं, हासुद्धा कायद्याने दिलेला हक्क आहे. दुर्दैवाने हा हक्क बजावायला अभिलेखांपर्यंत पोचावं लागतं.

त्या आवक-जावकच्या मॅडमच माझ्याबरोबर होत्या. एव्हाना आमची ओळख झाली होती. माझ्या गुडघ्यांची त्या चौकशी करायच्या. एकेक कपाट उघडायचं, गठ्ठा काढायचा, फडक्याने झटकायचा, वर लिहिलेलं वाचायचं. बदल्यांचे गठ्ठे, झाडूखरेदीचे गठ्ठे. एका गठ्ठ्यावर 'इतर' असं लिहिलेलं होतं. तो सगळ्यांत जाड. दुपारी तीनच्या सुमाराला तिसऱ्या कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, निळ्या स्पायरल बाइंडिंगमध्ये, तो मिळाला. ऊर्जा लेखापरीक्षण अहवाल. प्रमाणित लेखापरीक्षकाच्या सहीनिशी, पाने चौसष्ट.

"अगबाई," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे झालं होतं वाटतं."

पानाला दोन रुपये, चौसष्ट पानांचे एकशे अठ्ठावीस झाले असते. पण तीस दिवस उलटून गेल्यावर माहिती फुकट द्यावी लागते. हे कलम मी म्हणून दाखवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारकडून काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं. मग झेरॉक्स हातात पडली. विजेचा वापर कुठे किती, हे दाखवणारं एक रंगीत वर्तुळ अहवालात होतं. झेरॉक्समध्ये त्याचा अख्खा काळा तवा झाला होता. पंखे कुठले, दिवे कुठले, एसी कुठला, सगळी अमावास्या.

मजकूर मात्र वाचता येत होता. चाळीस वॅटच्या ट्यूब काढून वीस वॅटच्या एलईडी लावा. साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, पस्तीसच्या आत भागवतो. खर्च किती दिवसांत भरून निघेल त्याचं कोष्टकही होतं. सगळं शहाण्या माणसाने लिहिलेलं. आणि या सगळ्याच्या आधी, शिफारस क्रमांक एक, बिनखर्चाची : 'दालनास पूर्वेकडे चार मोठ्या खिडक्या असून त्यांसमोर अभिलेखांची कपाटे ठेवल्याने नैसर्गिक प्रकाश अडला आहे. कपाटे हलवावीत.'

मी मान वर केली. मॅडमनीही केली. ज्या कपाटातून अहवाल काढला होता, त्याच्यामागे खिडकीची चौकट दिसत होती.

"मग हलवा की," मी म्हणालो.

"कुठे हलवू, काका? यातले कितीतरी 'अ' वर्गातले कागद आहेत, म्हणजे कायमचे. नष्ट करता येत नाहीत. बाहेर पॅसेजमध्ये ठेवले तर आगीवाले ओरडतात." त्यांनी त्या फटीतल्या उजेडाच्या रेघेकडे बोट केलं. "एवढी एक फट तेवढी मी सोडायला लावली. हळदीकुंकवाचं बोलावणं वाचता येतं तिथे."

मी नवा अर्ज केला : शिफारस क्रमांक एकवरील कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी. मग त्याचं वर्ग होणं, मग निरंक, मग अपील, आणि राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. ते अजून रांगेत आहे.

परवा पोच आणायला गेलो होतो. मॅडमनी लांबूनच हाक मारली. "काका, तुमच्यामुळे एक काम झालं हो."

मला भरून आलं. म्हटलं, हलवली बहुतेक.

"तुमच्या अर्जांचे कागद, पत्रव्यवहार, अपिलं, सगळं 'इतर'मध्ये मावेना. साहेबांनी नवं कपाट मंजूर केलं." त्यांनी मागे दाखवलं. कोरं करकरीत करड्या रंगाचं कपाट होतं. वर पांढऱ्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'मा.अ. — ऊर्जा बचत'. ते बरोबर त्या फटीत बसलं होतं. जणू मापाने शिवलेलं.

नंबर यायला वेळ होता. बाकावर बसून मी सवयीने ट्यूब मोजल्या. एकवीस भरल्या.